पाक वागिमान इंग्रजी शिकायला येतात

जावा बेटावरच्या पारे गावातल्या आमच्या गल्लीत इंग्रजी तुकड्यातुकड्यांनी मिळतं. एका घरी नुसते उच्चार, दुसऱ्या घरी नुसते काळ, तिसऱ्या घरी फक्त नोकरीच्या मुलाखतीला बसायचं कसं आणि हसायचं किती, तेवढंच. लुकितोच्या वाटणीला मोडल क्रियापदं आली होती. कॅन, मे, शुड, मस्ट आणि त्यांची बाकी भावकी. दोन आठवडे, दहा वर्ग, सकाळी सातला, बांबूच्या मांडवात. गेली चार वर्षं त्याने दुसरं काही शिकवलं नव्हतं. परवानगी कशी मागावी, आज्ञा कशी करावी, इच्छा कशी सांगावी, नको असेल तर नको कसं म्हणावं, हे त्याने सुमात्रापासून सुलावेसीपर्यंतच्या पोरांना शिकवून शिकवून दाताच्या कण्या केल्या होत्या. गल्ली त्याला मिस्टर मस्ट म्हणायची.

आणि स्वतःची इच्छा? ती सांगायची वेळ आली की मिस्टर मस्टची वाचाच बसायची.

इच्छा एकच होती आणि ती अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. कोपऱ्यावर पाक वागिमान यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. पाक म्हणजे आमच्याकडचं काका, वडीलधाऱ्यांच्या नावाआधी लावायचं. ते दुकान त्यांची मुलगी वेनिंग चालवायची. लुकितो दोन वर्षं रोज तिच्याकडून सायकल न्यायचा. त्याची खोली वर्गापासून चाळीस पावलांवर होती. चाळीस पावलांना सायकल कशाला, असं त्याला कुणी विचारलं नाही, कारण आमच्याकडे असं विचारत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि ताकवालीनेही भांडं दिसत नाही असं दाखवायचं, ही आमच्या गावाची रीत.

लुकितोची एक खरी अडचण होती. पोरगा सुराबायाच्या बंदरावर वाढलेला. तिथली जावानीज म्हणजे सगळ्यांना अरेतुरे. वडीलधाऱ्यांशी बोलायची ती वरची भाषा त्याला धड येत नव्हती. एकदा ईदला तो वागिमान यांच्याकडे पाया पडायला गेला. म्हातारबुवांनी विचारलं, जेवलास का. घाबरून याने थोरामोठ्यांसाठी राखलेला शब्द स्वतःलाच लावला. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर, "होय, अस्मादिकांनी भोजन ग्रहण केलं," असं म्हणाला. बसलेले सगळे पाहुणे आपापल्या कपात बघायला लागले. त्या दिवसापासून लुकितोने पाक वागिमान यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं.

पाक वागिमान म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. जन्मात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. टायर विकायला कुणी आला की म्हणायचे, "बघू, देवाची इच्छा." टायरवाला मुकाट्याने सामान बांधायचा. कुणी फार वेळ बसलं की ते प्रेमाने म्हणायचे, "घर तुमचंच आहे, येत जा." पाहुणा लगेच चपला शोधायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शेंबडं पोरही जाणून होतं की शब्द एकीकडे असतात आणि अर्थ दुसरीकडे.

तर एका शनिवारी वेनिंग सायकलचा दांडा पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "येत्या नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुकान बंद राहील. ब्लितारहून लवंगांचे व्यापारी येणारेत घरी. त्यांचा मुलगा आहे लग्नाचा."

मग तिने मान वर केली आणि त्याच्याकडे बघत राहिली. चांगली बघत राहिली. एवढ्या वेळात एखाद्याने लग्न ठरवून, मांडव घालून, जेवणावळ उठवली असती.

लुकितो म्हणाला, "बरं. मग मी बुधवारीच सायकल आणून देतो."

वेनिंगने फडकं बादलीत आपटलं आणि ती आत निघून गेली. लुकितो खोलीवर येऊन उताणा पडला. समोर शेंगदाण्याच्या चटणीतला पेचेल-भात होता, तो त्याने मांजराला घातला. सोमवारपर्यंत त्याच्या पोटात अन्न म्हणून गेलं नाही.

सोमवारी नवी तुकडी सुरू झाली. नियम वाचून दाखवायचा असतो तो त्याने वाचला. मांडवाच्या आत फक्त इंग्रजी. जो कोणी आपल्या घरच्या भाषेत बोलेल त्याच्या दोन्ही गालांना बाळाची पावडर फासण्यात येईल आणि ती संध्याकाळपर्यंत पुसायची नाही. पावडरीचा डबा सांभाळायला त्याने तेनरी नावाच्या मुलीला नेमलं. ती मकासरची होती, आणि मकासरची माणसं मनात येईल ते तोंडावर बोलतात अशी त्यांची ख्याती आहे.

एवढ्यात मांडवाच्या दारातून पाक वागिमान आत आले. डोक्यावर काळी टोपी, अंगात बातिकचा शर्ट, हातात नवी कोरी वही. वीस-बावीस वर्षांच्या पोरांमधून वाट काढत ते पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.

लुकितोच्या हातातला खडू खाली पडला. त्याने आपल्या मनाशी लगेच अर्थ लावला. हा माणूस आपल्याला नकार द्यायला आलाय. साधासुधा नाही, सावकाश, पद्धतशीर, आपल्याच वर्गात बसून. आपण मागणी घातलेलीसुद्धा नाही आणि नकार येऊन पहिल्या बाकावर बसला.

पहिल्या दिवशी कॅन होतं. प्रत्येकाने आपल्या घरातलं कोण काय करू शकतं ते सांगायचं. पाक वागिमान उभे राहिले, गळा साफ केला आणि एकेक शब्द तोलून मापून इंग्रजीत म्हणाले, "माझी मुलगी भात शिजवू शकते. माझी मुलगी चेन बसवू शकते. माझी मुलगी कायम थांबू शकत नाही."

तेनरीने वहीतून डोकं वर काढलं. लुकितोने नकारार्थी वाक्य अचूक असल्याबद्दल शाबासकी दिली आणि उच्चार जरा सुधारून घेतला. मनात म्हणाला, कायम थांबू शकत नाही, म्हणजे ब्लितारचं पक्कं झालं.

तिसऱ्या दिवशी मे. परवानगी. पाक म्हणाले, "एखादा मनुष्य माझ्या घरी येऊ शकतो. दार उघडे आहे."

लुकितोने समजावलं की "एखादा मनुष्य" फार मोघम आहे, परवानगी नेहमी कुणाला तरी द्यायची असते, समोरच्याला तुम्ही म्हणा. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. दोन्ही हात बाकावर टेकून, लुकितोच्या डोळ्यांत बघत ते म्हणाले, "तुम्ही माझ्या घरी येऊ शकता."

"उत्तम," लुकितो म्हणाला. "आता सगळा वर्ग म्हणेल."

सगळा वर्ग एका सुरात ओरडला की तुम्ही माझ्या घरी येऊ शकता. तीनदा ओरडला. पाक वागिमान खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर एवढा ठोंब्या कसा. तसा तो ठोंब्या नव्हता. दोन वर्षं त्याने म्हाताऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं. "घर तुमचंच आहे" याचा अर्थ त्याला पाठ होता. म्हातारा दार उघडं आहे म्हणाला तेव्हा लुकितोला कडी लागल्याचा आवाज ऐकू आला. लेकी बोले सुने लागे, अशा गावात जन्म काढल्यावर कुणी सरळ बोललं तरी ते वाकडंच ऐकू येणार.

शुक्रवारी माइटचा पाठ होता, असेल-नसेलचा. पाक वागिमान यांनी इंग्रजीत विचारलं, "मिस्टर, तुमचा जन्म कोणत्या वारी झाला असेल?" लुकितोने सांगितलं की बुधवारी, आणि पाच दिवसांच्या बाजाराच्या हिशेबाने पोनच्या दिवशी. म्हाताऱ्याने बाकाखाली बोटं मोजून हिशेब केला. जन्मवारांच्या बेरजेवर आमच्याकडे लग्नं जुळतात आणि मोडतात, हे काय सांगायला हवं? बेरीज झाली तशी ते गालातल्या गालात हसले. लुकितोने ते हसू पाहिलं आणि ओळखलं की आता नकाराला कारणही मिळालं. वार जुळत नाहीत. संपला कारभार.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तेनरी मागे थांबली. ती इंग्रजीतच बोलली, कारण मांडवात होती. "मिस्टर, तो माणूस तुम्हाला जावई करायला बघतोय."

लुकितो कसनुसा हसला. "तू मकासरची. तुला आमच्याकडचं बोलणं कळायचं नाही."

"तो इंग्रजीत बोलतोय," तेनरी म्हणाली. "ते मला कळतं. तुम्हीच शिकवलंत."

पण पालथ्या घड्यावर पाणी. लुकितो तिला समजावत बसला की भाषा इंग्रजी असली तरी माणूस जावाचा आहे. तेनरीने कपाळाला हात लावला आणि ती जेवायला निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यात म्हाताऱ्याची वाक्यं लांबायला लागली. सोमवारी शुड. "ब्लितारचे लोक गुरुवारी येत आहेत. त्यांच्या आधी कुणीतरी यायला हवे." लुकितोने शंभरपैकी नव्वद गुण दिले. दहा कापले ते अक्षराचे. मंगळवारी पाक वागिमान म्हणाले, "तो तरुण हुशार आहे असे मला वाटत होते. मी चुकलो असेन." अख्खा वर्ग बाकाखाली तोंड घालून हसला. लुकितोला वाटलं, ही पोरं आपल्या फजितीला हसतायत. फजिती त्याचीच चालली होती, तेवढं बरोबर होतं.

त्या मंगळवारी तो दुकानात सायकल परत द्यायला गेला. एक दिवस आधीच गेला, म्हटलं बुधवारी डोळ्यांत पाणी आलं तर काय करा. वेनिंगने सायकल घेतली, वही काढली आणि काहीतरी लिहिण्याचं सोंग केलं. तिचे डोळे सुजलेले होते. त्याने विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, "बापाच्या अभ्यासाने झोप होत नाही घरात. पहाटे चारला उठून म्हातारा वाक्यं घोकतो. माझ्याकडून म्हणून घेतो." आणि मग बारीक आवाजात, "कुणाला कळतायत का तरी ती?" लुकितो म्हणाला की फार छान प्रगती आहे. वेनिंगने वही मिटली आणि त्याच्याकडे पाठ केली.

बुधवार उजाडला. फळ्यावर मस्ट. पाहिजेच, दुसरा इलाज नाही, असा अर्थ. पाक वागिमान यांनी त्या दिवशी वही उघडली नाही. ते उठून थेट फळ्यापाशी आले, लुकितोपासून दोन हातांवर उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही आज आलेच पाहिजे. उद्या उशीर होईल."

लुकितोचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाटलं, चला, म्हातारा आता उद्याच्या साखरपुड्याच्या तयारीलाच बोलावतोय, म्हणजे राहिलेली आशाही गेली. पण मास्तर होता बिचारा. त्याने दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली, खाली रेघ मारली, बरोबरची खूण केली. मग, इच्छा व्यक्त करण्याचा एक नमुना म्हणून, तो इंग्रजीत म्हणाला, "आपली कन्या ब्लितार येथे सुखी होवो."

पाक वागिमान यांनी डोळे मिटले. साठ वर्षं त्यांनी आवाज चढवला नव्हता. पोस्टात तार हरवली तेव्हा नाही, बायको गेली तेव्हा नाही. त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली आणि जावानीजमध्ये बोलले. वरच्या नाही, खालच्या. बंदरावरचे हमाल बोलतात त्या.

"अरे गाढवा, ब्लितार गेलं खड्ड्यात. तुला माझी पोरगी हवीय की नकोय?"

ती भाषा लुकितोच्या आईची होती. त्याला वळसा घालायला जागाच उरली नाही. पोटातून, विचार करायच्या आधी, त्याच भाषेत उत्तर आलं.

"हवीय."

"मग आठ दिवस मी इथे काय भजन करत होतो?"

"मला वाटलं, पाक, तुम्ही आडून नाही म्हणताय."

"इंग्रजीत आडून बोलता येतं होय? तूच शिकवलंस ना, मे म्हणजे परवानगी? मी म्हटलं, दिली परवानगी. तू ती पोरांकडून पाठ करून घेतलीस." म्हातारबुवांना धाप लागली होती, पण एकदा बांध फुटल्यावर ते थांबेनात. "मुलीच्या बापाने विचारायचं नसतं. आपल्या भाषेत विचारलं असतं तर माझे आजोबा कबरीतून उठून आले असते. म्हणून म्हटलं, इंग्रजीत विचारावं. त्या भाषेत माझं कुणी मेलेलं नाही."

लुकितो पोरांच्या बाकावर जाऊन बसला. त्याला हसू येत होतं आणि स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असंही वाटत होतं. आठ दिवस म्हातारा त्याच्या दारात उभा राहून भीक वाढत होता आणि हा भाकरी गोल आहे की नाही ते तपासत होता.

तेनरी डबा घेऊन पुढे आली आणि म्हाताऱ्यासमोर घुटमळली. पाक वागिमान यांनी स्वतःहून गाल पुढे केला. मग मास्तरांचा नंबर लागला. पोरांनी बाक वाजवून मांडव डोक्यावर घेतला. म्हातारा टोपी घालता घालता म्हणाला, "आज चार वाजता. मामाला घेऊन ये. केळ्यांचा घड आण. आणि बोलायचं मामाने. तू तोंड उघडायचं नाहीस."

घरी जाऊन त्यांनी ब्लितारला फोन लावला. तब्येतीपाण्याचं विचारलं, लवंगांचं पीक विचारलं, आणि शेवटी म्हणाले, उद्याचं बघू, देवाची इच्छा. ब्लितारचे लोक क्षणात समजले. उलट त्यांनीच आभार मानले. अशी असतात रीतीतली माणसं.

लुकितोचा मामा कर्तोसोनोहून मोटारसायकल दामटत आला. वरची जावानीज त्याला लोण्यासारखी यायची. चार वाजता बैठक बसली. मामाने अर्धा तास ऊस, कारखाना आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवर घालवला आणि मग अलगद विषयाला हात घातला. आमच्या भाच्याला एका फुलाचा वास आलाय, ते फूल आपल्या अंगणातलं आहे असं ऐकतो, वगैरे. पाक वागिमान यांनी तितक्याच अलगद उत्तर दिलं. गालांवर पावडर तशीच होती, नियम म्हणजे नियम. मामाने ती पाहिली आणि विचारलं नाही. समोर भाच्याच्या तोंडालाही तीच होती, म्हणजे इथली काही रीत असेल, असा त्याने समज करून घेतला.

आता राहिलं मुलीला विचारणं. आमच्याकडे बाप विचारतो आणि मुलगी खाली मान घालून गप्प बसते. ते गप्प बसणं म्हणजेच होकार. वेनिंग दाराच्या चौकटीपाशी चटईवर बसली होती. बापाने विचारलं. दोन घटका गेल्या, मान खालीच होती. मामा खुशीने हसला, पाक वागिमान यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मामाने घडातलं एक केळं तोडायला हात पुढे केला.

"हो," वेनिंग म्हणाली.

मामाचा हात तसाच राहिला. कोपऱ्यातली आत्या दबल्या आवाजात म्हणाली, अगं, बोलायचं नसतं.

"माहीत आहे, आत्या," वेनिंग म्हणाली. तिने मान वर केली आणि सरळ लुकितोकडे बघितलं. "पण मी गप्प बसले असते तर ह्यांनी त्याचा काय अर्थ लावला असता, कुणास ठाऊक. दोन वर्षं मी गप्पच होते. म्हणून सांगते. हो. ऐकलंत ना?"

तोंड उघडायचं नाही असं लुकितोला बजावलं होतं. "ऐकलं," तो म्हणाला, आणि मामासमोर, सासऱ्यासमोर, सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. पावडरीतून ओघळ गालांवर उतरले. मामाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ते केळं खाल्लं.